एकसष्टाव्या वर्षी नोकरी गेली, मेडिकेअरला अजून पावणेचार वर्षं: अमेरिकेत आरोग्य विमा परवडायचा कसा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही एकसष्ट वर्षांचे, नॉर्थ कॅरोलायनात राहता, ३१ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने कामावरून कमी केलं आणि त्याच दिवशी विमाही संपला. वहिनी अठ्ठावन्न वर्षांच्या, ग्रंथालयात अर्धवेळ काम करतात, वर्षाला ३२,००० डॉलर मिळतात, पण तिथे विमा नाही. तुम्हाला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. कोब्राच्या, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याच्या सोयीच्या, पत्रात दोघांचा महिन्याचा हप्ता १,९५० डॉलर लिहिलाय. मार्केटप्लेसवर, म्हणजे वैयक्तिक विम्याच्या सरकारी बाजारावर, २०२६ साठी मधला सिल्व्हर प्लॅन पाहिलात तर तो २,३०० च्या घरात. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीपासूनचा सरकारी विमा, ऑगस्ट २०२९ मध्ये. शेवटी तुम्ही विचारलंय, "पासष्टीपर्यंत हप्ते भरण्यातच साठवलेलं संपणार असेल, तर ही आरोग्य सुधारणा आमच्यासारख्यांसाठी होती कुठे?"

मी मार्केटप्लेसच्या २०१३ च्या पहिल्या नोंदणीपासून लोकांना विमा काढून द्यायचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांत साठी ओलांडलेलेच जास्त असतात. तेव्हा उत्तर जरा सविस्तर देते. यातले नियम आणि आकडे २०२५ च्या अखेरचे आहेत. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "ठाण्याचा फ्लॅट विकायचा ठरलाय, टोकन घेतलंय, भाऊ म्हणतो खरेदीखत जानेवारीत करू." माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या वाक्यात आहे. पण तिथे पोचण्याआधी हप्ता कसा ठरतो ते बघू.

२०१० चा आरोग्य सुधारणा कायदा (ओबामाकेअर) येण्याआधी बहुतेक राज्यांत मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाला वैयक्तिक विमा मिळतच नसे. अर्ज केला की नकाराचं पत्र यायचं. १ जानेवारी २०१४ पासून आजारपणावरून नकार देता येत नाही आणि आजारपणावरून हप्ताही वाढवता येत नाही. वयावरून मात्र वाढवता येतो, तोही तिपटीपर्यंत. २१ वर्षांच्या माणसाला जो हप्ता, त्याच्या तिप्पट ६४ वर्षांच्या माणसाला. केंद्र सरकारच्या कोष्टकात ४० व्या वर्षी हा गुणक १.२७८ आहे, ६१ व्या वर्षी २.८१. तुम्ही न्यूयॉर्क किंवा व्हरमाँटमध्ये असता तर वयाचा फरक पडला नसता, तिथे सगळ्यांना एकच दर. नॉर्थ कॅरोलायनात पडतो. म्हणून तुमच्या शेजारच्या चाळिशीतल्या जोडप्याचा आणि तुमचा प्लॅन तोच असला तरी हप्ता दुपटीहून जास्त.

कोब्राचं गणित यापेक्षा वेगळं आहे, आणि लोकांच्या हे लक्षातच येत नाही. कोब्रा म्हणजे तुमच्या जुन्या कंपनीचाच विमा. कंपनी भरायची तो वाटाही आता तुम्ही भरायचा, वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च. पण तो हप्ता कंपनीतल्या सगळ्या वयांच्या लोकांची सरासरी काढून ठरलेला असतो. पंचविशीतल्या पोरांमुळे तुमचा दर खाली येतो. त्यामुळे सबसिडी मिळत नसेल, तर साठीच्या माणसाला मार्केटप्लेसपेक्षा कोब्रा स्वस्त पडू शकतो. तुमच्याच आकड्यांत ते दिसतंय.

आता सबसिडी. ती वयावर नाही, उत्पन्नावर मिळते. तुमच्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर प्लॅन सरकार मापाला धरतं. त्यातला तुमच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांएवढा भाग तुम्ही भरायचा, उरलेला सरकार भरतं. म्हणजे वयामुळे हप्ता जितका मोठा, तितकी सबसिडी मोठी. साठीच्या माणसाला या कायद्याने खरा आधार दिला तो इथे. २०२१ ते २०२५ या काळात कितीही उत्पन्न असलं तरी साडेआठ टक्क्यांहून जास्त भरावं लागत नव्हतं. ती वाढीव सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपतेय. तिच्यावरूनच सरकारी कामकाज ४३ दिवस बंद राहिलं, तरी मुदतवाढ मिळालेली नाही. त्यामुळे २०२६ साठी जुनी मर्यादा परत आली: दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्के. दोघांच्या कुटुंबाला ती ८४,६०० डॉलर. मुदतवाढ झालीच तर तुमचा फायदाच होईल, खाली सांगितलेलं काही बिघडणार नाही. पण आजचा कायदा धरूनच चालायला हवं.

या मर्यादेला लोक कडा म्हणतात, आणि ती खरंच कड्यासारखी आहे. २,३०० चा प्लॅन मापाला धरू. उत्पन्न ८४,००० असेल तर तुम्ही ९.९६ टक्के भरायचे, म्हणजे वर्षाला ८,३६६, महिन्याला साधारण ७००. उरलेले महिन्याला सोळाशे सरकारचे. उत्पन्न ८५,००० झालं की सरकारचे शून्य. हजार डॉलर जास्त कमावले म्हणून वर्षाला एकोणीस हजारांवर नुकसान.

तुम्ही स्वतःचं २०२६ चं उत्पन्न ७२,००० धरलंय: वहिनींचे ३२,००० आणि ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यातून काढायचे ४०,०००. वय साडेएकोणसाठच्या पुढे असल्याने त्यावर दंड नाही, हे तुमचं बरोबर. पण खाली लिहिलंय, "एनआरई ठेवींवर ९,५०० डॉलर व्याज येतं, ते करमुक्त असल्याने धरलं नाही." ते करमुक्त भारतात आहे. अमेरिकेत राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे मोजलं जातं आणि सबसिडीच्या हिशोबातही ते येतं. म्हणजे खरा आकडा ८१,५००. कडा ३,१०० डॉलरवर आला. बँकेतल्या इतर व्याजाचा, एखाद्या लाभांशाचा अंदाज चुकला तरी तोल जाईल.

आणि याच्यावर ठाण्याचा फ्लॅट.

मार्च २०१८ मधली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. इथलेच एक काका-काकू, काकांचं वय बासष्ट. २०१७ चा विमा मीच काढून दिला होता, सबसिडी चांगली बसली होती. करविवरणासाठी कागद घेऊन बसलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्षभराचे हप्ते आणि सबसिडी दाखवणारा १०९५-ए फॉर्म होता, शेजारी पुण्यातल्या फ्लॅटच्या विक्रीचे कागद. काका सहज म्हणाले, "हे भारतातलं आहे, तिथे कर भरून झालाय." मी सबसिडीचा हिशोब जुळवायचा ८९६२ फॉर्म भरत गेले आणि शेवटच्या रकान्यात वर्षभराची सगळी सबसिडी परत करायचा आकडा आला, अकरा हजारांच्या वर. काकूंनी चहाचा कप तसाच ठेवला आणि चेकबुक आणायला आत गेल्या. विमा काढताना मी त्यांना पगार विचारला, पेन्शन विचारलं, व्याज विचारलं. भारतात मालमत्ता आहे का, ती विकायचा विचार आहे का, हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न तोच असतो.

तुमचा फ्लॅट २००४ मध्ये १८ लाखांना घेतलेला, आता ९० लाखांना जातोय. अमेरिकेत नफा डॉलरमध्ये काढतात: खरेदी त्या वेळच्या दराने, विक्री आताच्या दराने. २००४ ला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे खरेदी ४०,००० डॉलर. आता नव्वद धरला तर विक्री एक लाख डॉलर. नफा ६०,०००. रुपयांतला ७२ लाखांचा नफा सरळ आजच्या दराने भागला असता तर ८०,००० आला असता. रुपया घसरल्याने इथे तुमचा थोडा फायदा झालाय. फ्लॅट भाड्याने दिला होता, त्यामुळे घसाऱ्याचा हिशोब होऊन नफा थोडा वर जाईल, तो तुमच्या करसल्लागाराने नीट काढायचा.

हे साठ हजार जानेवारी २०२६ मध्ये आले तर त्या वर्षाचं उत्पन्न १,४१,५००. सबसिडी पूर्ण गेली. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही अर्जात ७२,००० लिहून दरमहा आगाऊ सबसिडी घेतलीत, तर एप्रिल २०२७ मध्ये ती सगळी, म्हणजे वीस हजारांवर रक्कम, एकदम परत करावी लागेल. पूर्वी मर्यादेच्या आत असणाऱ्यांना परतफेडीला तरी कमाल आकडा होता. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने २०२६ पासून तोही काढलाय.

हेच खरेदीखत डिसेंबर २०२५ मध्ये झालं तर? २०२५ मध्ये तुम्हाला दहा महिन्यांचा पगार आणि वर सेव्हरन्स (कामावरून कमी करताना दिलेली रक्कम) मिळालंय, सबसिडी तुम्ही घेतलेलीच नाही. त्या वर्षाच्या उत्पन्नात आणखी साठ हजार पडले तरी विम्याच्या हिशोबात काहीच हलत नाही. भाऊ म्हणतात डिसेंबर काय, जानेवारी काय, फरक नाही. भारतापुरतं त्यांचं बरोबर आहे. तिथे दोन्ही महिने एकाच आर्थिक वर्षात येतात, एप्रिल ते मार्च. इथलं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. ठाण्यात बसून हे दिसणार नाही, म्हणून त्यांना तुम्हीच समजावून सांगा.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पहिली, २०२६ मध्ये तुमचं इतर उत्पन्न कमी असल्याने या नफ्यातल्या काही भागावर अमेरिकेचा कर कदाचित कमी लागला असता. पण भारतात साडेबारा टक्के अधिक अधिभार भरणार आहात आणि त्याची वजावट इथल्या करातून मिळते, त्यामुळे तो फरक वीस हजारांच्या जवळपासही जाणार नाही. (वजावट करातून मिळते, उत्पन्नातून नाही. भारतात कर भरला म्हणून सबसिडीसाठीचं उत्पन्न कमी होत नाही. काकांचा गैरसमज तोच होता.) दुसरी, अनिवासी भारतीयाकडून घर घेताना खरेदीदाराला कर कापावा लागतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर तो नफ्यावर न कापता पूर्ण रकमेवर कापला जातो आणि जास्तीचा परतावा विवरणपत्र भरल्यावर मिळतो. प्रमाणपत्रासाठी थांबून जानेवारी उजाडत असेल तर मी म्हणेन थांबू नका. ते पैसे अडकतील पण परत येतील. इथली सबसिडी गेली की गेली. कुलमुखत्यारपत्र भावाच्या नावे आहेच, तेव्हा तुम्हाला विमानाने जायचीही गरज नाही.

आता फ्लॅटचे पैसे हातात येतील त्याचं काय करायचं? डिसेंबरला विक्री झाली की ती रक्कम २०२६ मध्ये तुमच्यासाठी फक्त बचत आहे, आणि बचत खर्च करणं म्हणजे उत्पन्न नव्हे. ती इकडे आणा आणि घरखर्च त्यातून चालवा. मग ४०१(के) मधून ४०,००० काढायची गरज राहत नाही. समजा १०,००० च काढले. मग उत्पन्न होतं ३२,००० अधिक ९,५०० अधिक १०,०००, म्हणजे ५१,५००. या पातळीवर तुम्ही साधारण ८.२ टक्के भरायचे, वर्षाला सव्वाचार हजारांच्या आत, महिन्याला साडेतीनशे. प्लॅन तोच, २,३०० चा. तुमच्या वयाबद्दल कोणी काही करू शकत नाही; पैसे कुठल्या खात्यातून आणि कुठल्या वर्षी काढायचे, हे मात्र तुम्हीच ठरवता. ४०१(के) ला हात न लावता एक वर्ष गेलं तर ती रक्कम पासष्टीनंतरसाठी वाढत राहते, हे आणखी वर.

फार खालीही जाऊ नका. तुमच्या राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याचा, विस्तार केला, त्यामुळे दोघांचं उत्पन्न साधारण २९,००० च्या खाली गेलं तर मार्केटप्लेसची सबसिडी बंद होऊन मेडिकेडकडे पाठवतात. वहिनींच्या पगारामुळे तो प्रश्न आज नाही, पण त्यांनी काम सोडायचं ठरवलं तर त्या वर्षी ४०१(के) मधून मुद्दाम थोडे जास्त काढा.

फ्लॅटचा व्यवहार काही कारणाने पुढे गेलाच, आणि तुम्ही मर्यादेच्या जरा वर अडकलात, तर हेल्थ सेव्हिंग्ज खातं, म्हणजे औषधोपचारासाठीचं करसवलतीचं बचत खातं, कामाला येतं. १ जानेवारी २०२६ पासून मार्केटप्लेसचे सगळे ब्रॉन्झ, म्हणजे सिल्व्हरपेक्षा कमी हप्त्याचे, प्लॅन या खात्याला पात्र होतायत. २०२६ ला कुटुंबासाठी ८,७५० डॉलर भरता येतात, पंचावन्नच्या पुढच्यांना प्रत्येकी १,००० जादा, दोघांनी वेगळी खाती काढली तर एकूण १०,७५०. तेवढं उत्पन्न हिशोबातून वजा होतं. साठ हजारांचा डोंगर त्याने उतरणार नाही, पण पाच-सात हजारांनी मर्यादा ओलांडणाऱ्याला ते तारू शकतं. मात्र ब्रॉन्झमध्ये तुमच्या खिशातून जायची रक्कम मोठी असते. २०२६ ची कमाल मर्यादा एका माणसाला १०,६०० आहे. मधुमेहाला नियमित तपासण्या आणि औषधं लागतात, म्हणून परवडत असेल तर मी तुम्हाला सिल्व्हर किंवा गोल्डच सुचवेन.

प्लॅन निवडताना हप्त्याच्या आधी दोन गोष्टी बघा: तुमचं इन्सुलिन त्या प्लॅनच्या औषधांच्या यादीत कुठल्या गटात आहे, आणि तुमचे डॉक्टर त्या नेटवर्कमध्ये आहेत का. डॉक्टरांच्या रिसेप्शनवर फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा. "तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का" असं विचारलं तर हो म्हणतात, आणि त्या कंपनीच्या नेमक्या याच नेटवर्कमध्ये ते नसतात.

राहिले नोव्हेंबर-डिसेंबर. कोब्रा निवडायला साठ दिवस मिळतात आणि निवडला की तो विमा संपल्या दिवसापासून लागू होतो, मागच्या तारखेने. पहिला हप्ता भरायला त्यानंतर आणखी ४५ दिवस. त्यामुळे साखर आटोक्यात असेल, तीन महिन्यांची औषधं घरात असतील, तर पत्र जपून ठेवा, सही करू नका. काही झालंच तर तेव्हा निवडा आणि १ नोव्हेंबरपासूनचे पैसे भरा. यंदाचा डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी खिशातून भरायची रक्कम) तुमचा भरून झालाय, त्याचाही उपयोग होईल. काही झालं नाही तर ३,९०० डॉलर वाचले. यासाठी शिस्त मात्र हवी. पत्रावरची शेवटची तारीख लाल पेनाने कॅलेंडरवर लिहा, ती एक दिवसही पुढे सरकत नाही. तपासणी किंवा शस्त्रक्रिया आधीच ठरलेली असेल तर मात्र आजच कोब्रा घ्या.

१ जानेवारीपासून मार्केटप्लेसचा विमा हवा असेल तर १५ डिसेंबरच्या आत प्लॅन निवडायला हवा. अर्जात व्याजासकट खरं उत्पन्न लिहा. आणि आगाऊ सबसिडी पूर्ण न घेता थोडी कमी घ्या, उरलेली करविवरणात मिळते. परतफेडीचा नियम कडक झाल्यापासून मी सगळ्यांनाच हे सांगते. दरम्यान "महिना तीनशेत विमा" अशा जाहिराती दिसतील. ते बहुधा अल्पमुदतीचे प्लॅन असतात, त्यांना हा कायदा लागू नाही, मधुमेह बघून ते नकार देऊ शकतात किंवा मधुमेहाशी जोडलेला खर्च नाकारू शकतात. तुमच्यासाठी ते नकोच.

तुम्ही नागरिक आहात म्हणून तुम्हाला लागू नाही, पण अशाच परिस्थितीत जे एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी: जुलै २०२५ च्या कायद्यानुसार २०२७ पासून तुमची सबसिडी बंद होतेय. ग्रीन कार्डवाल्यांची चालू राहील.

२०२९ बद्दलही तुम्ही विचारलंय. ऑगस्टमध्ये तुम्ही मेडिकेअरवर गेलात की तुमची सबसिडी थांबते. मे ते नोव्हेंबर हा तुमचा नोंदणीचा काळ, त्यात पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) घ्याच, कारण मार्केटप्लेसचा विमा आहे म्हणून उशीर केला तर दर बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड जन्मभर हप्त्यात राहतो. वहिनी तेव्हा बासष्टच्या, त्या एकट्या मार्केटप्लेसवर. कुटुंब दोघांचंच धरलं जातं, उत्पन्नाचा टक्काही तोच, पण विमा एकीचाच असल्याने मापाचा प्लॅन निम्म्यावर येतो आणि सबसिडी घटते. त्या तीन वर्षांसाठी फ्लॅटच्या पैशांतला काही भाग आत्ताच बाजूला ठेवला तर बरं.

आज रात्री, ठाण्यात सकाळ झाली की, भावाला फोन करा आणि दुय्यम निबंधक कार्यालयाची डिसेंबरमधली तारीख मिळते का ते विचारा. तारीख ठरली की इथे लिहा, मार्केटप्लेसच्या अर्जात टाकायचा उत्पन्नाचा आकडा आपण एकदा मिळून बघू.